ट्यूलिप : डोंगरातला आणि आपल्या वाफ्यातला



ऑफिसमागच्या वाफ्यापाशी उभे राहून तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला आहे : "पहिल्या वर्षी ट्यूलिप आले, मग दुसऱ्या वर्षी का आले नाहीत?" निसर्ग मंडळाच्या बैठकीत या प्रश्नाला आम्ही घाईघाईने "हवामान" असे एका शब्दात उत्तर दिले होते. ते उत्तर चुकीचे नव्हते, पण खरेही नव्हते. चूक हवामानाची थोडी आणि आमची जास्त होती. ती कशी, ते या पाठात सांगायचे आहे. त्यासाठी आधी ट्यूलिपच्या माहेरी जाऊन यावे लागेल.

सुरुवात मात्र स्वयंपाकघरापासून करू. आईला विचारून एक मोठा कांदा घ्या आणि मोठ्या माणसाच्या देखत तो शेंड्यापासून मुळापर्यंत उभा चिरा. खाली मुळांच्या बाजूला एक चपटी, कडक तबकडी दिसेल. तेच कांद्याचे खोड. कांदा म्हणजे मूळ असे परीक्षेत लिहिणारे दरवर्षी चार-पाच जण निघतात, त्यांनी ही तबकडी नीट पाहून ठेवावी. तिच्यावर एकात एक बसलेले जाड, रसाळ पापुद्रे म्हणजे अन्न साठवलेली पाने. त्यांना शल्क म्हणतात. अगदी मधोमध हिरवट-पिवळा कोंब असतो. ट्यूलिपचा कंद असाच असतो, फक्त लहान, एका बाजूला किंचित चपटा आणि वर तपकिरी कागदी साल. वनस्पतिशास्त्रात मात्र दोघांची कुळे वेगळी आहेत. ट्यूलिप लिलीच्या कुळातला, तर कांद्याला आता ॲमॅरिलिसच्या कुळात घालतात.

ट्यूलिपचे माहेर हॉलंड नव्हे. कॅलेंडरवर पवनचक्की आणि पुढे ट्यूलिपचे पट्टे पाहून आपला तसा समज झालेला असतो. रानटी ट्यूलिपच्या सर्वाधिक जाती आढळतात त्या मध्य आशियात, त्यान-शान आणि पामीर-अलाई या पर्वतरांगांत; म्हणजे आजच्या कझाकस्तान, किर्गिझस्तान, उझबेकिस्तान आणि ताजिकिस्तान या देशांत. तिथून त्यांचा पसारा इराण, तुर्कस्तान आणि दक्षिण युरोपपर्यंत, आणि इकडे अफगाणिस्तानमार्गे हिमालयापर्यंत आहे.

त्या डोंगरांतले वर्ष कसे असते ते डोळ्यांपुढे आणा. हिवाळ्यात तीन-चार महिने बर्फ. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळते, जमीन ओली होते, ऊन पडू लागते. मे संपता संपता पाणी आटते आणि पुढचा सगळा उन्हाळा करपलेला, कोरडा. झाडाला जगायला मिळतात ते बर्फ आणि दुष्काळ यांच्या मधले जेमतेम दोन-तीन महिने. एवढ्या वेळात बीपासून सुरुवात करून फूल-फळापर्यंत पोहोचणे कठीण. म्हणून ट्यूलिप आदल्या वर्षीच तयारी करून ठेवतो. उन्हाळ्यात वरून पाहिले तर डोंगरावर ट्यूलिपचे नावही नसते. पाने वाळून उडून गेलेली असतात. पण त्याच वेळी मातीखाली, कंदाच्या मध्यभागी, पुढच्या वसंतातले फूल घडत असते : सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि मध्ये तीन भागांचा स्त्रीकेसर, सगळे गव्हाच्या दाण्याहूनही लहान. शरदात मुळे फुटतात. मग बर्फ पडते आणि कंद वाट पाहत बसतो.

या थंडीचे काम काय? लहानसे फूल तयार असते, पण त्याचा दांडा लांबण्यासाठी कंदाला दीर्घ थंडी मिळावी लागते. साधारण पाच अंश सेल्सिअस तापमान, तेही बारा ते सोळा आठवडे. या काळात कंदातल्या पिष्टाची साखर होऊ लागते आणि वाढ घडवणारी संप्रेरके कामाला लागतात. थंडी अपुरी पडली तर फूल दांड्याविना पानांतच अडकून बसते. थंडीमुळे फुलण्याची वाट मोकळी होणे याला वासंतीकरण म्हणतात. दोन्ही झाडांत आतली क्रिया तंतोतंत एकच नाही, पण ज्यांची आजोळे नाशिक-पुण्याकडे आहेत त्यांनी तिथल्या शेतकऱ्याला विचारून पाहावे. कांदा पोसायच्या दिवसांत थंडी फार लांबली की कांद्याला डेंगळे येतात, म्हणजे फुलाचे दांडे फुटतात, आणि शेतकरी कपाळाला हात लावतो. ट्यूलिपवाल्याला हवी तीच थंडी कांदेवाल्याला नको असते!

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. ट्यूलिपचा कंद दरवर्षी संपतो. तुम्ही लावलेला कंद फूल आणि पाने वाढवता वाढवता रिता होऊन जातो, आणि त्याच्या शल्कांच्या बगलेत दोन-चार नवे कंद धरतात. पुढच्या वर्षी फुलतात ते हे नवे कंद. त्यांना पोसायचे काम हिरव्या पानांनी करायचे असते, फूल गळून गेल्यानंतरच्या पाच-सहा आठवड्यांत. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते आमच्याविरुद्ध साक्ष देणार आहे.

बीपासून ट्यूलिप वाढवायचा तर पहिले फूल यायला पाच ते सात वर्षे लागतात. पहिल्या वर्षी गवताच्या पात्यासारखे एकच पान आणि खाली गव्हाच्या दाण्याएवढा कंद. हा बाळकंद एक युक्ती करतो. तो खालच्या दिशेने एक पोकळ नळीसारखा कोंब सोडतो आणि त्याच्या टोकाला नवा कंद धरतो. असे दरवर्षी करत करत तो जमिनीत खोल जातो. वर माती तापून भाजत असली तरी वीतभर खाली बरीच गार असते, आणि शेळ्या-मेंढ्यांचे खूरही तिथवर पोहोचत नाहीत. रानात फुललेले एक फूल म्हणजे असा अर्ध्या तपाहून मोठा प्रवास असतो. अतिचराई, फुले आणि कंद उपटून नेणे, शेती-वस्तीसाठी उतार नांगरणे आणि आता बदलते हवामान यांमुळे मध्य आशियातल्या कित्येक रानटी जाती आज धोक्यात आहेत.

आपल्या इतिहासाच्या पुस्तकातल्या दोघांनी या रानफुलांकडे मन लावून पाहिले होते. पहिला बाबर. काबूलजवळच्या डोंगरपायथ्याला किती प्रकारचे ट्यूलिप आहेत हे त्याने मोजायला लावले आणि बत्तीस-तेहतीस प्रकार भरल्याची नोंद आत्मचरित्रात केली. लढाया करणाऱ्या माणसाने फुले मोजत बसावे, हे आम्हाला त्याच्या लढायांहून अधिक लक्षात राहिले आहे. दुसरा त्याचा पणतू जहांगीर. १६२० च्या वसंतात तो काश्मिरात होता. त्याचा चित्रकार मन्सूर याने तिथल्या शंभराहून अधिक फुलांची चित्रे काढली असे जहांगीर लिहितो. त्यांतले तांबड्या ट्यूलिपचे चित्र अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. फुलाची एक उमललेली, एक मिटलेली अशी अवस्था, आणि शेजारी बसलेले फुलपाखरूसुद्धा नेमके उतरवलेले.

जहांगीराची आणखी एक नोंद आमच्या पाठाला फार उपयोगी आहे. काश्मिरात घरांची छपरे लाकडाची, वर मातीचा थर, आणि त्या मातीत ट्यूलिपचे कंद लावायची रीत होती. वसंतात सगळी छपरेच फुलायची. पुढे पत्रे आले आणि ही छपरे दुर्मीळ झाली. आता विचार करा, छपरावर ट्यूलिप इतका सुखी का? हिवाळ्यात वर बर्फाची दुलई. वसंतात बर्फाचे पाणी. उन्हाळ्यात उतार असल्यामुळे पाणी थांबत नाही, माती कोरडी, आणि कंद कुजत नाही. कुणी वनस्पतिशास्त्र शिकवलेले नसताना काश्मिरी माणसाने घराच्या डोक्यावर त्यान-शानचा उतारच उभा केला होता. बाग करणे म्हणजे रान ओळखणे, याचे याहून चांगले उदाहरण आम्हाला अजून सापडलेले नाही.

बागेतल्या ट्यूलिपची खरी हौस केली ती तुर्कांनी. फारसी आणि तुर्की भाषांत याचे नाव लाले. युरोपियनांनी ट्यूलिप हा शब्द उचलला तो मात्र पागोट्याच्या तुर्की शब्दावरून. फुलाचा आकार पागोट्यासारखा म्हणून. इस्तंबूलमध्ये सुऱ्यासारख्या टोकदार, निमुळत्या पाकळ्यांच्या ट्यूलिपची इतकी चाहत होती, की सुलतान तिसरा अहमद याच्या कारकिर्दीतला १७१८ ते १७३० हा काळ इतिहासात 'लाले युग' म्हणूनच ओळखला जातो.

पश्चिम युरोपात ट्यूलिप सोळाव्या शतकाच्या मध्यावर पोहोचला. कॉनराड गेस्नर याने १५५९ मध्ये ऑग्सबर्ग येथील एका बागेत फुललेला ट्यूलिप पाहून त्याचे वर्णन केले. म्हणून बागेतल्या ट्यूलिपच्या लॅटिन नावात आजही गेस्नर आहे. क्लूसियस हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५९३ मध्ये लायडन विद्यापीठात आला, त्याने कंद लावले आणि पुढच्या वसंतात ते फुलले. समुद्राकाठची रेताड जमीन आणि लांब, गार वसंत ट्यूलिपला मानवले.

१६३७ सालच्या 'ट्यूलिपच्या वेडा'ची गोष्ट तुम्ही वाचली असेल. एकेका कंदासाठी घराएवढी किंमत, आणि फेब्रुवारीत एकाएकी बाजार कोसळला. भाव चढले आणि पडले हे खरे. पण सारा देश देशोधडीला लागला वगैरे वर्णने बरीचशी फुगवलेली आहेत, असे ॲन गोल्डगार या इतिहासकार बाईंनी जुनी कागदपत्रे तपासून २००७ मध्ये दाखवून दिले. आम्हाला त्या गोष्टीपेक्षा तिच्या पोटातली गोष्ट अधिक गमतीची वाटते. सर्वांत महाग होते ते पांढऱ्यावर लाल ज्वाळा उठलेले ट्यूलिप. साधा एकरंगी कंद एखाद्या वर्षी अचानक असा 'फुटायचा' आणि कुणालाही कारण सांगता येत नसे. ते कळायला १९२८ साल उजाडावे लागले. इंग्लंडमधील डोरोथी केली यांनी रंग फुटलेल्या कंदाचा तुकडा निरोगी कंदाला जोडून हा संसर्ग असल्याचे दाखवले. तो एक विषाणू होता आणि मावा तो पसरवत होता. विषाणू लागलेला कंद दर वर्षी अशक्त होत जातो, म्हणून त्या काळचे सर्वांत किमती ट्यूलिप आज शिल्लक नाहीत. लोकांनी सोन्याच्या भावाने रोग विकत घेतला होता! आज बाजारात मिळणारे पट्ट्यांचे ट्यूलिप निरोगी असतात. ते संकराने तयार केलेले आहेत.

आता वाफ्याकडे येऊ.

पहिल्या वर्षी आणलेले तीस कंद रोपवाटिकेतून आले तेव्हाच थंडी खाऊन आलेले होते. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपण ते लावले. ग्वाल्हेरची डिसेंबर-जानेवारीची थंडी, रात्री पाच-सहा अंशांपर्यंत उतरणारा पारा, यामुळे मुळे छान धरली. फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात फुले आली. सातवीच्या मुलांचा तेव्हाचा वाद आठवतो का? सकाळी फुले मिटलेली आणि दुपारी उघडी. हे उजेडामुळे की उष्णतेमुळे? एका फुलावर खोका उपडा घालून उन्हात ठेवला. आत अंधार, पण ऊब. फूल उघडले. ऊब मिळाली की पाकळीची आतली बाजू बाहेरच्या बाजूपेक्षा भराभर वाढते आणि फूल उघडते. गारठ्यात उलटे होते. त्या दिवशी आम्हाला फार बरे वाटले होते.

मग २७ फेब्रुवारी आला. मराठी भाषा गौरव दिनाला कुसुमाग्रजांच्या तसबिरीपुढे आपल्या वाफ्यातली फुले ठेवावीत असे ठरले. पुष्पगुच्छ भरदार दिसावा म्हणून आम्ही फुले पानांसकट, पार जमिनीलगत कापली. हॉलंडमधला शेतकरी याच्या बरोबर उलटे करतो. तो शेतातली फुलेच खुडून टाकतो आणि पाने राखतो, कारण त्याला पुढच्या वर्षीचे कंद पोसायचे असतात. आम्ही पाने नेली. मातीतल्या बाळकंदांना पोसणारे कुणी उरले नाही.

दुसरी चूक उन्हाळ्यातली. मार्चअखेर काढलेले कंद कापडी पिशवीत भरून आम्ही पत्र्याच्या कोठीत टांगले. रानातला कंद उन्हाळ्यात वीतभर मातीखाली गारव्याला असतो. फूल घडण्यासाठी त्याला सतरा ते वीस अंशांच्या आसपासचे तापमान सर्वांत मानवते. आमच्या पिशवीने मे-जूनमध्ये पंचेचाळीस अंश सोसले. तिसरी चूक, थंडीची आठवण आम्हाला दिवाळीनंतर झाली. नोव्हेंबरमध्ये पिशवी फ्रिजमध्ये गेली आणि पाच आठवड्यांत बाहेर आली. आणि चौथी, त्याच फ्रिजमध्ये कुणाचा तरी सफरचंदांचा पुडा होता. पिकणाऱ्या फळांतून इथिलीन नावाचा वायू निघतो आणि तो कंदातली कळी मारतो.

दुसऱ्या वर्षी उगवलेल्या रोपांकडे त्या वेळी आम्ही निराशेने पाहिले. नीट पाहिले असते तर त्यांनी सगळे सांगितले असते. बहुतेकांना एकच रुंद पान होते. एकच पान म्हणजे कंद फुलायच्या वयाचा नाही, उपाशी आहे. हॉलंडमध्ये कंद वजनावर नव्हे तर घेरावर निवडतात. दहा-बारा सेंटिमीटर घेराचा कंद हमखास फुलतो, आठच्या खालचा सहसा नाही. आमचे कंद सुपारीएवढे होते. काही रोपांना दोन-तीन पाने होती आणि मध्ये कागदासारखी वाळलेली कळी : हे उष्णतेचे किंवा सफरचंदांचे काम. आणि एका रोपाला फूल आले होते, पण ते दोन बोटांच्या दांड्यावर, पानांत तोंड खुपसून बसलेले. त्याला थंडी कमी पडली होती. एकाच वाफ्यात वेगवेगळ्या चुकांच्या वेगवेगळ्या खुणा! आम्ही मात्र "हवामान" म्हणून मोकळे झालो. ते लहान फूल सर्वांत आधी पाहणाऱ्या सहावीतल्या मुलीने तेव्हाच विचारले होते, "याला उभं राहता येत नाही का?" तिला आम्ही नीट उत्तर दिले नाही. आता देतो आहोत.

आमच्या चुका टाळल्या असत्या तर ट्यूलिप आपल्याकडे वर्षानुवर्षे फुलला असता का? खरे सांगायचे तर नाही. आपल्याकडे मार्चमध्येच ऊन चटके देऊ लागते. पानांना कंद पोसायला हवे ते पाच-सहा गार आठवडे मिळतच नाहीत. श्रीनगरला झबरवान डोंगराच्या पायथ्याशी २००७ मध्ये सुरू झालेल्या ट्यूलिप बागेत पंधरा लाखांहून अधिक कंद मार्चअखेर ते एप्रिलमध्ये फुलतात, कारण तिथे चारही ऋतू ट्यूलिपच्या बाजूने आहेत. तरीही तिथल्या बागेसाठी कंद हॉलंडहून आणावे लागतात. पालमपूरच्या सीएसआयआर संस्थेने हिमालयातच कंद वाढवण्याचे काम हाती घेतले आहे, ते यशस्वी व्हावे असे मनापासून वाटते. तुमच्यापैकी जे सुट्टीत काश्मीरला जातील त्यांनी बाग जरूर पाहावी, पण शेताच्या बांधावर किंवा जुन्या कबरस्तानाच्या कडेला बाहेरून तांबडा-पांढरा, बारीक अंगाचा ट्यूलिप दिसतो का तेही शोधावे. क्लूसियसचे नाव मिळालेली ही जात हिमालयात कुमाऊँपर्यंत आढळते. पाहावे, चित्र काढावे, उपटू नये.

पिकनिकच्या वेळी कुणीतरी विचारले होते, ट्यूलिपचा कांदा खातात का? १९४४-४५ च्या हिवाळ्यात, जर्मनांच्या ताब्यातल्या हॉलंडमध्ये अन्न संपले तेव्हा लोकांनी ट्यूलिपचे कंद शिजवून खाल्ले. मधला कडू कोंब काढून टाकावा असे सांगितले जाई. भूक म्हणून खाल्ले. चव म्हणून नव्हे. कंदात अंगाला खाज आणणारी द्रव्ये असतात, म्हणून तुम्ही खाऊन पाहू नका, आणि हाताळल्यावर हात धुवा.

यंदा आम्ही पूर्ण वाफा ट्यूलिपला देणार नाही. दरवर्षी तीस परदेशी कंद विकत घेऊन दरवर्षी फेकून देणे आम्हाला पटत नाही. वाफ्यात निशिगंध लावू. तोही मूळचा मेक्सिकोचा पाहुणाच, पण आपला उन्हाळा त्याला सोसतो. ट्यूलिपचे फक्त सहा मोठे कंद सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आणू. ते कागदी पिशवीत, प्लॅस्टिकमध्ये नव्हे, फ्रिजच्या खालच्या खणात तेरा आठवडे राहतील. प्रयोगशाळेचा फ्रिज त्यासाठी मागून घेतला आहे आणि त्यावर 'फळे ठेवू नयेत' अशी पाटी लागेल. डिसेंबरमध्ये तीन कुंड्यांत दोन-दोन कंद लावू. पहिल्या कुंडीतली फुले पाकळ्या गळेपर्यंत राहतील, दुसरीतली फुले उमलताच खुडू पण पाने ठेवू, तिसरीतली पानांसकट कापू. मार्चअखेर तिन्ही कुंड्यांतले नवे कंद काढून त्यांचा घेर दोरीने मोजू. आठवीच्या मुलांनी तक्ता आखून ठेवावा. मोजायला कोण येणार त्यांनी आपली नावे वर्गशिक्षकांकडे द्यावीत. सहावीतली ती मुलगी आता आठवीत आहे, तिचे नाव आम्ही आधीच लिहून घेतले आहे.